लिनियर बुश, एलएम गाइड की बॉल स्प्लाइन? आधी धूळ बघा, मग कॅटलॉग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचे जॉब मशीनिंग करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही पिक अँड प्लेस एसपीएम, म्हणजे जॉब उचलून दुसरीकडे ठेवणारं खास एका कामाचं मशीन, बनवताय. बिडाचा जॉब आणि ग्रिपर मिळून ३ किलो, २०० मिलीमीटर लांब आर्म, ३०० मिलीमीटर वरखाली आणि ९० अंश फिरवणं, मिनिटाला १० सायकल. एक सप्लायर म्हणतो २० मिलीमीटरचे गोल रॉड आणि त्यांवर बॉलनी सरकणारे लिनियर बुश टाका, दुसरा म्हणतो एलएम गाइडच लागेल, म्हणजे बेडला बोल्ट केलेली रेल आणि तिच्यावर बॉलनी सरकणारे ब्लॉक, आणि तिसऱ्याने बॉल स्प्लाइनचं, म्हणजे खोबणीचा शाफ्ट आणि त्याला फिरवणारा बॉलवाला नट यांचं, कोटेशन दिलंय ते बघून तुमच्या मालकांनी चहा बाजूला ठेवला. कुणाचं ऐकायचं?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: या कामाला एलएम गाइड. बुश का नाही आणि स्प्लाइन का नाही ते खाली लिहितो, पण त्यातलं लोड कॅपॅसिटीचं कारण महत्त्वाने सगळ्यात शेवटी येतं, कारण पंचवीसेक वर्षं एसपीएम बनवताना लोडमुळे मेलेले एलएम ब्लॉक मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बघितलेत आणि धुळीने, वाकड्या बेडने आणि ग्रीस न मारल्याने मेलेले पोतंभर.

आता हिशोब. एका सायकलमध्ये तुमचा अक्ष चार वेळा ३०० मिलीमीटर चालतो, दोनदा खाली दोनदा वर, म्हणजे १.२ मीटर. मिनिटाला १० म्हणजे १२ मीटर, तासाला ७२० मीटर, दोन शिफ्टचे १६ तास धरले तर दिवसाला साडेअकरा किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरून साधारण ३४५० किलोमीटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, लाइफचा सगळा खेळ याच्यावर आहे.

लोड बघा. ग्रिपर, आर्म, रोटरी युनिट सगळं मिळून १२ किलो धरू, आणि ते रेलपासून २०० मिलीमीटर बाहेर लटकतंय. १२० न्यूटन गुणिले ०.२ मीटर, २४ न्यूटन मीटरचा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर. वरचा ब्लॉक आणि खालचा ब्लॉक यांच्यात १२० मिलीमीटर अंतर असेल तर प्रत्येकावर २०० न्यूटन येतो, एक ओढला जातो एक दाबला जातो. सुरू-बंद होतानाच्या झटक्यांसाठी दीडपट करा, ३०० न्यूटन. इथे बरेच जण चुकतात, १२ किलोच आहे ना म्हणून १२ किलोच धरतात. वजन किती आहे यापेक्षा ते किती लांब लटकतंय आणि ब्लॉक एकमेकांपासून किती लांब बसवलेत हे महत्त्वाचं. ब्लॉकमधलं अंतर दुप्पट करा, लोड निम्मा झाला, फुकटात. जागा असेल तर ब्लॉक लांब लांब बसवा, मोठी साइज घेण्यापेक्षा हे कधीही बरं.

२० साइजच्या साध्या एलएम ब्लॉकचं डायनॅमिक रेटिंग (चालताना किती भार पेलतो याचा कॅटलॉगमधला आकडा) १७-१८ किलोन्यूटनच्या आसपास असतं. बॉलवाल्या गाइडचं लाइफ म्हणजे रेटिंग भागिले लोड, त्याचा घन, गुणिले ५० किलोमीटर. आपलं उत्तर येतं साधारण एक कोटी किलोमीटर. वर्षाला ३४५० ने भागा, तीन हजार वर्षं! आणि असाच एका रेलवर दोन ब्लॉक टाकलेला अक्ष मी आठ महिन्यांत जाम झालेला उघडलाय, बॉलच्या वाटेत काळी लापशी भरलेली. तर कॅटलॉगमधल्या त्या तीन हजार वर्षांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

हाच हिशोब बुशसाठी करू. दोन रॉड, प्रत्येकावर दोन बुश, तेच १२० अंतर. लोड दोन रॉडमध्ये वाटला गेला, प्रत्येक बुशवर १००, दीडपट करून १५० न्यूटन. एलएम २० यूयू म्हणजे २० आतला, ३२ बाहेरचा, ४२ लांब, त्याचं रेटिंग साधारण ८७० न्यूटन. लाइफ येतं पावणेदहा हजार किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे पावणेतीन वर्षं. वाईट नाहीये खरं तर. सारख्याच साइजला इतका फरक का, तर बुशमध्ये गोल बॉल गोल रॉडवर चालतो, टेकतो तो नुसता ठिपक्यावर. एलएमच्या रेलला बॉलच्या मापाची खोबण ग्राइंड केलेली असते, बॉल तिच्यात कुशीत बसल्यासारखा बसतो.

पण ते पावणेतीन वर्षं कधी, तर रॉड एचआरसी ५८ ते ६२ कडक असेल, ग्राइंड करून एच६ किंवा जी६ या मापाच्या मुभेत असेल तेव्हा. बाजारात हार्ड क्रोम म्हणून जे रॉड मिळतात त्यात हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन रॉडही असतात, वरून चकचकीत पण क्रोमच्या खाली मऊ. त्यावर लिनियर बुश चालवला की पंधरा दिवसांत रॉडवर उभ्या रेघा उमटतात, नखाला लागतात, आणि मग बुश खराब निघाला म्हणून सप्लायरशी भांडण. रॉड घेताना सप्लायरला एकच विचारा, इंडक्शन हार्डन (पृष्ठभाग तापवून कडक केलेला) आहे का आणि किती खोल. तो गप्प बसला तर दुसरीकडे जा.

रॉडचा दुसरा रोग म्हणजे वाकणं. तुमचा अक्ष उभा आहे म्हणून तुम्हाला कमी त्रास, पण आडवी स्लाइड करणाऱ्यांनी हे बघाच: २० चा रॉड, दोन टोकांना टेकवलेला, ६०० चा स्पॅन, मध्ये १५० न्यूटन, तर मध्यभागी ०.४ मिलीमीटर झोळ येतो. ०.४! आपण मायक्रॉनच्या गप्पा मारतो आणि रॉड मध्येच झोपाळा झालेला असतो. २५ चा केला की झोळ ०.१७ वर येतो, कारण व्यासाचा चौथा घात लागतो, पण तरी रॉड तो रॉडच. एलएमची रेल पूर्ण लांबी बेडला बोल्ट केलेली असते, तिला वाकायला जागाच नाही.

(गंमत म्हणजे इतिहासातही हा क्रम असाच आहे. टीएचके ही जपानी कंपनी १९७१ साली टोकियोत सुरू झाली ती बॉल स्प्लाइन घेऊन, आणि शाफ्ट दोन टोकांवर लटकतो आणि वाकतो या दुखण्यावर उपाय म्हणून पुढच्याच वर्षी, १९७२ ला, खाली बसणारी रेल म्हणजे एलएम गाइड आली. आज आपण जिला स्वस्त आणि साधी समजतो ती धाकटी बहीण आहे.)

बुशबद्दल अजून एक, कारण तुमच्या स्केचमध्ये मला ती चूक दिसली. तुम्ही एकाच रॉडला लिनियर बुशमधून वरखाली पण करताय आणि त्याच बुशमध्ये ९० अंश फिरवताय पण. साधा लिनियर बुश फिरवण्यासाठी नसतोच. त्यातले बॉल शाफ्टच्या लांबीच्या दिशेने लोळून परत फिरतात, आडवे फिरवले की लोळत नाहीत, घासतात. रॉडवर आडव्या गोल रेघा उमटलेल्या दिसल्या की समजायचं काय झालंय. फिरणं आणि सरकणं दोन्ही हवं असेल तर त्यासाठी पिंजऱ्यात सुटे बॉल असलेले वेगळे बुश येतात पण त्यांचा स्ट्रोक मर्यादित असतो, आणि टॉर्क ते देत नाहीतच, नुसते धरून ठेवतात.

आता स्प्लाइन. शाफ्टवर लांबीने खोबणी, नटमध्ये बॉल, नट फिरवला की शाफ्ट फिरतो आणि तरीही शाफ्ट वरखाली मोकळा. म्हणजे दोन्ही मोटर वर फ्रेमवर घट्ट बसवायच्या आणि खाली फक्त शाफ्ट आणि ग्रिपर हलणार. हलणारं वजन कमी, केबल आणि नळ्या लोंबत नाहीत, शाफ्ट पोकळ घेतला तर व्हॅक्यूम किंवा हवा मधूनच. पोकळ घ्यायला घाबरू नका, बाहेरच्या व्यासाच्या निम्मं भोक पाडलं तरी पिळाची ताकद फक्त सहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. १९७८ मध्ये यामानाशी विद्यापीठात प्रोफेसर माकिनोंनी जो स्कारा (आडव्या पातळीत हात फिरवणारा) रोबो केला, त्या जातीच्या आजच्या रोबोंचा खाली येणारा दांडा नीट बघा, त्याच्यावर स्क्रूचे आटे आणि स्प्लाइनच्या खोबणी एकमेकांना छेदून गेलेल्या दिसतील. एक नट फिरवला की वरखाली, दुसरा फिरवला की गोल आणि वरखाली दोन्ही, आणि दोन्ही मिळून फिरवले की नुसता गोल. फार देखणी वस्तू आहे.

पण देखणी म्हणून घ्यायची नाही. तुमच्या गिऱ्हाइकाने मागितलंय की ९० अंश ०.२ सेकंदात फिरलं पाहिजे. हिशोब करा: ३ किलो २०० मिलीमीटरवर, इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) ०.१२. निम्मा वेळ वेग वाढवत, निम्मा कमी करत, तर १९ न्यूटन मीटर टॉर्क लागतो, आर्मचं स्वतःचं वजन धरलं की २० च्या वर. २० चा स्प्लाइन शाफ्ट घेतला आणि नटपासून ग्रिपरपर्यंत ५०० मिलीमीटर मोकळी लांबी असली तर तो शाफ्ट तेवढ्या टॉर्कला ०.४६ अंश पिळला जातो. ऐकायला काहीच नाही, पण २०० मिलीमीटर आर्मच्या टोकाला ते १.६ मिलीमीटर होतं, आणि खोबणींमुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. म्हणजे तुम्ही प्रीलोडवाला (बॉल आधीच दाबून बसवलेला), शून्य प्लेचा, महागडा नट घेतला आणि ग्रिपर थांबल्यावर दीड मिलीमीटर डुलतोय. २५ चा शाफ्ट घेतला की ०.६५ वर येतं. तेव्हा स्प्लाइन निवडताना आधी पीळ बघायचा, त्यावरून व्यास ठरवायचा, मग नटचं टॉर्क रेटिंग. बहुतेक वेळा पिळाने ठरवलेला व्यास टॉर्कला आपोआप पुरून उरतो.

आणि त्याआधी गिऱ्हाइकाला विचारा की ०.२ कशाला? सहा सेकंदांची सायकल आहे. चार स्ट्रोक ०.६ ने अडीच सेकंद, ग्रिपर उघडमिट एक सेकंद, दोन वेळा फिरणं ०.४ ने ०.८. सगळं मिळून साडेचारच्या आत. ०.२ चं ०.४ केलं की टॉर्क निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो, २० चा ५. निम्मी समस्या तिथेच संपली, एक रुपया न घालता. गिऱ्हाईक आकडा देतो तो बरेचदा कुठल्या तरी दुसऱ्या मशीनच्या माहितीपत्रकातला असतो. आणि फिरवायचं ते शाफ्ट वर घेतल्यावरच, खाली ३०० मिलीमीटर बाहेर लटकत असताना फिरवलंत तर आर्मच्या टोकाचा जवळपास १०० न्यूटनचा आडवा धक्का नटवर २८-३० न्यूटन मीटरचा वाकवणारा मोमेंट टाकतो, आणि एकट्या स्प्लाइन नटला टॉर्क आवडतो, मोमेंट अजिबात नाही. मोमेंट असेल तर दोन नट, मध्ये अंतर ठेवून.

तरी मी तुम्हाला स्प्लाइन नको म्हणतोय ते धुळीमुळे. बिडाची भुकटी आणि पाणीमिश्रित कूलंट एकत्र आले की जी काळी पेस्ट होते ती वाळली की सिमेंट. तुमचा शाफ्ट दर सायकलला त्या पेस्टमध्ये उतरणार आणि खोबणीतून ती नटपर्यंत वर घेऊन जाणार. गोल रॉडला सील नीट बसतो, खोबणीच्या शाफ्टला सीलला पण खोबणीच्या आकाराचा ओठ लागतो आणि तो आधी झिजतो. बरं बेलो (भात्यासारखं आवरण) घालू म्हणाल तर शाफ्ट फिरतो पण आहे, बेलो पिळवटून फाटणार, म्हणून त्याच्या खालच्या टोकाला वेगळं बेअरिंग द्यावं लागतं. एवढं करून बसण्यापेक्षा उभी एलएम रेल कॉलमच्या पाठीमागच्या अंगाला घ्या, ब्लॉकला एंड सीलबरोबर मेटल स्क्रेपर मागवा, समोर बेलो लावा आणि कॅरेजवर रोटरी युनिट बसवा. १० सायकलला त्याचं वजन झेपतं. हेच काम मिनिटाला ४० सायकलचं असतं, पॅकिंग नाहीतर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या स्वच्छ जागेत असतं, तर मी स्वतः स्प्लाइन घ्या म्हणालो असतो.

स्प्लाइनने माझा एकदा चांगला घाम काढलाय तो किस्सा सांगतो. बाटल्यांना झाकण घट्ट करायचं मशीन होतं, स्प्लाइन फिरत राहणार आणि झाकणावर दाबताना फक्त ८ मिलीमीटर खाली-वर. सगळा हिशोब पक्का, लाइफ भरपूर. चार महिन्यांनी फोन आला की हेडमधून लाल पावडर पडतेय, औषधाच्या बाटल्या होत्या त्यामुळे त्यांच्या क्वालिटीवाल्यांनी लाइनच बंद केली. जाऊन नट काढला तर खोबणीत ८ मिलीमीटरचा तपकिरी पट्टा, बोटाला गंजासारखी बारीक पूड. बाकी शाफ्ट नवा कोरा. झालं काय होतं, तर ८ मिलीमीटरमध्ये बॉल पूर्ण फेरा मारतच नव्हते, तेच तेच बॉल त्याच जागी पुढेमागे, ग्रीस बाजूला ढकललं गेलेलं आणि नवीन येत नाही, लोखंडावर लोखंड घासून पूड. चूक माझीच, स्ट्रोक नटच्या लांबीपेक्षा कमी असेल तर काय होतं हे मी तोवर फक्त वाचलं होतं. शेवटी ग्रीस बदललं आणि प्रोग्रॅममध्ये टाकलं की दर तासाला हेड रिकामा असताना पूर्ण स्ट्रोक चार-पाच वेळा मारायचा. त्यानंतर ते मशीन चाललं. एलएम गाइड आणि बुशलाही हाच नियम.

एलएम घ्यायचं ठरलं तर मग निवडीत काय बघायचं. प्रीलोड हलका घ्या, जड प्रीलोड मिलिंगसारख्या कापणाऱ्या अक्षाला, तुमच्याकडे नुसता भार वाढवेल. ॲक्युरसीचा ग्रेड नॉर्मल किंवा एच, त्याच्या वर पैसे फुकट. कॅटलॉग दोन ठेवून तुलना करत असाल तर एक गोष्ट नक्की बघा: जपानी-तैवानी कंपन्या रेटिंग बहुधा ५० किलोमीटरवर देतात आणि युरोपियन १०० वर. त्याच ब्लॉकचा ५० वाला आकडा १.२६ पट मोठा दिसतो. आमच्या एका पर्चेसवाल्याने यावरून ‘हा २५ टक्के मजबूत आणि स्वस्त पण’ असा मेल सगळ्या डायरेक्टरांना टाकला होता, लोखंड तेच.

बेड मात्र मनावर घ्या. २० साइजला दोन रेल समांतर असण्यात २०-२५ मायक्रॉनची मुभा असते, जड प्रीलोडला त्याहून कमी. गॅस कटिंग करून वेल्ड केलेली फ्रेम, स्ट्रेस रिलीव्ह न करता (वेल्डिंगचा आतला ताण न काढता) मिलिंग केली आणि त्यावर रेल आवळली की रेल बेडसारखी वाकडी होते, बेड रेलसारखा सरळ होत नाही. एका रेलला बेडवर खांदा द्याच, रेल खांद्याला दाबून बोल्ट मधून टोकांकडे आवळत जा. २० च्या रेलला एम५ बोल्ट असतात ६० च्या अंतरावर, लोखंडात ८.८ न्यूटन मीटर, ॲल्युमिनियमच्या बेडमध्ये त्याच्या निम्मं, आणि टॉर्क पाना वापरा, फिटरचं ‘हाताला कळतं’ इथे चालत नाही. दुसरी रेल असेल तर ती ढिली ठेवून पहिल्या रेलच्या ब्लॉकवर डायल (मायक्रॉनमधला फरक दाखवणारं गेज) लावा, दुसरीच्या अंगावरून फिरवा, एकेक बोल्ट आवळत या. शेवटी टेबल एका बोटाने ढकलून बघा, पूर्ण स्ट्रोकभर सारखंच जड लागलं पाहिजे. एका टोकाला जड आणि मध्ये हलकं लागत असेल तर तिथेच थांबा, बोल्ट सोडून पुन्हा लावा, मोटर लावल्यावर ते कळणार नाही, मोटर ओढून नेते.

रेलच्या बोल्टांच्या भोकांवर झाकणं ठोका. लोक विसरतात, मग भोकात भुकटी साठते आणि ब्लॉकचा सील प्रत्येक भोकावरून जाताना चमचाभर आत घेतो. ग्रीस लिथियमचं, २ नंबर, ग्राफाइट किंवा मॉली टाकलेलं काळं ग्रीस नको. १०० किलोमीटरला एकदा म्हणजे तुमच्या हिशोबाने नऊ दिवसांनी एकदा, त्यामुळे ग्रीसचं निप्पल अशा ठिकाणी आणा की माणूस गार्ड न उघडता पंप लावू शकेल. गार्ड उघडावा लागला की ते ग्रीस फक्त मेंटेनन्सच्या चेकशीटवर मारलं जातं.

आणि मालकांनी तरीही स्प्लाइनच घेऊ म्हटलं तर शाफ्टच्या टोकांचं ड्रॉइंग ऑर्डरबरोबरच द्या, पायऱ्या, आटे, कीवे सगळं. आल्यावर टर्नरकडे नेऊन कडक शाफ्टवर इन्सर्ट फोडत बसायला लागतं नाहीतर. नट शाफ्टवरून उतरवू नका, खूण ज्या बाजूला आहे त्याच बाजूला राहू द्या, आणि फिटिंगच्या दिवशी खाली एक स्वच्छ ट्रे ठेवा. तरी कुणीतरी नट उतरवणारच, निदान बॉल ट्रेमध्ये सापडतील.